खिडकीत बसलेल्यापर्यंत वचन पोचावं म्हणून: घरातला आणि ऑनलाइन बायबल अभ्यास एकत्र कसा चालवावा

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडतो, तेव्हा एक खुर्ची लॅपटॉपची असते. तिच्यावर दोन जाड उशा आणि उशांवर लॅपटॉप. त्यामुळे कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. त्या एका खुर्चीत पाच जण बसतात: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी, दुबईत नर्स असलेली आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एक मुलगी, बदली होऊन नगरला गेलेलं एक जोडपं आणि रात्रपाळीला निघण्याआधी अर्धा तास मिळतो म्हणून येणारा एक तरुण.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळाच गट फोनवर गेला. पुढे घरांची दारं उघडली, बहुतेक जण परत आले, पण काही जणांना येणं शक्यच नव्हतं. आम्ही टीव्हीशेजारी कोपऱ्यात लॅपटॉप ठेवला आणि त्यांची सोय झाली असं समजलो. काही महिन्यांनी आजी फोनवर म्हणाल्या, "बाळा, तुमचं हसणं ऐकू येतं रे, पण कशाला हसलात ते नाही कळत." त्या दिवसापासून आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो. आपल्या मंडळीत असा गट नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या २०व्या अध्यायात त्रोवस इथली एक सभा आहे. माडीवर पुष्कळ दिवे लागलेले, पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलेलं, आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसलेला. झोप अनावर होऊन तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. भाषण फार लांबवू नये, एवढंच बरेच जण या गोष्टीतून घेतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. पौल बोलणं सोडून खाली उतरला, त्याने त्या मुलाला कवटाळलं, आणि नंतरच वर येऊन भाकर मोडली व पहाटेपर्यंत बोलत राहिला. ऑनलाइन येणारा माणूस असाच खिडकीत बसलेला असतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्याचा कॉल तुटला तर वाचन थांबवायचं आणि आधी त्याला परत आणायचं, हा आमचा पहिला नियम या अध्यायातून आला.

पहिलं काम: नावं लिहा आणि फोन करा

ॲप कुठलं, माईक कुठला, हे प्रश्न नंतरचे. आधी एका कागदावर ज्यांना प्रत्यक्ष येता येत नाही त्यांची नावं लिहा, आणि प्रत्येकाला फोन करून का येता येत नाही ते विचारा. कारणं वेगवेगळी निघतात आणि उपायही त्याप्रमाणे बदलतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दीड तास स्क्रीनकडे बघणं झेपत नाही, त्याच्यासाठी पहिली चाळीस मिनिटंच महत्त्वाची. लहान बाळ असलेल्या आईला कॅमेरा बंद ठेवण्याची मोकळीक हवी असते. नव्याने ऐकायला येणारे काही जण आधी नुसतं दुरून ऐकू पाहतात. त्यांना ऐकू द्या, पहिल्याच दिवशी ओळख करून द्यायला लावू नका.

परदेशातलं कोणी असेल तर वेळेचं गणित याच वेळी करा. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, म्हणजे आपले साडेसात तिथे सहा. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ फिरवतात. त्या दोन आठवड्यांत निरोपात दोन्हीकडची वेळ लिहा. आमचा एक भाऊ तासभर उशिरा आला तो याच कारणाने, आणि वाईट त्यालाच वाटलं.

तुम्ही काय सुरू करत आहात हे पाळकसाहेबांच्या कानावर घाला. परवानगीसाठी म्हणून नव्हे. कोण आजारी आहे, कोण मंडळीपासून दूर राहिलं आहे, हे त्यांना माहीत असतं, आणि तुमच्या यादीत सुटलेलं नाव बहुधा त्यांच्याकडून मिळतं.

गट लहान ठेवा. हॉलमध्ये आठ-दहा आणि ऑनलाइन पाच-सहा इतकेच जण असतील तर प्रत्येकाला बोलायला मिळतं. त्याहून जास्त झाले तर दुसरं घर शोधा.

ॲप: ज्यांना सगळ्यात कमी जमतं, त्यांना जमेल ते

झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते. गुगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर मोफत मर्यादा ६० मिनिटांची आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुप व्हिडिओ कॉलमध्ये ३२ जण बसतात आणि वेळेचं बंधन नाही, आणि आजींनाही तो उचलता येतो, ही त्याची मोठी बाजू. पण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल सहसा लागत नाहीत, म्हणून दुबईची बहीण आल्यावर आम्हाला झूमवर यावं लागलं. मोफत झूमवरच चालवायचं असेल तर ४० मिनिटांचा धाक न मानता त्याचाच उपयोग करा: पहिल्या लिंकवर वचन वाचन आणि चर्चा, मग पाच मिनिटं पाणी-चहा, मग दुसऱ्या लिंकवर प्रार्थना. वाक्याच्या मधोमध मीटिंग बंद पडण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

लिंक दर आठवड्याला तीच ठेवा. व्हिडिओवर तासाभरात अर्धा जीबी ते एक जीबीहून जास्त डेटा खर्च होतो. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्यांना तो जड जातो. व्हिडिओ बंद करून नुसतं ऐकलं तर त्याचा अगदी थोडा भाग लागतो, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर माणूस लाजेने कॅमेरा चालू ठेवतो आणि अर्ध्यात गायब होतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना साधा कॉल लावा, फोन स्पीकरवर टाका आणि गोलाच्या मध्यभागी ठेवा. आमच्या एक मावशी वर्षभर अशाच आल्या.

आवाज

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण नव्या गटांचे पैसे चित्रावर जातात आणि लोक दुरावतात ते आवाजामुळे. चेहरा अंधुक दिसला तरी माणूस तासभर बसतो. शब्द कळेनासे झाले की दहा मिनिटांत उठतो.

माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या आपल्या हॉलमध्ये त्या उरलेल्या आवाजात प्रतिध्वनी मिसळतो, वर पंख्याची घरघर. म्हणून टीव्हीशेजारी ठेवलेल्या लॅपटॉपला फक्त समोर बसलेल्याचं बोलणं कळतं आणि सोफ्यावरच्या बहिणीचं उत्तर हवेत विरतं. उपाय साधे आहेत. खुर्च्या जवळ ओढा, गोल लहान करा. खाली सतरंजी आणि खिडक्यांना जाड पडदा असेल तर खोली कमी घुमते. माईक गोलाच्या मध्यभागी, स्टुलावर, खाली घडी केलेला टॉवेल घालून ठेवा, म्हणजे स्टुलाला लागलेला धक्का आवाजात जात नाही. पंख्याचा वेग कमी करा.

सुरुवातीला एक चांगला फोन मध्ये ठेवला तरी पुरतो. गट टिकला की काही हजार रुपयांत यूएसबीने जोडायचा कॉन्फरन्स स्पीकरफोन मिळतो, त्यात माईक आणि स्पीकर एकत्र असतात आणि घुमणारा आवाज तो स्वतःच कापतो. मंडळीकडून एकच वस्तू मागायची असेल तर ती ही मागा. मोठा टीव्ही, रिंगलाइट, दुसरा कॅमेरा, यांतलं काहीही नंतर.

एक चूक हमखास होते. हॉलमधला कोणी तरुण उत्साहाने आपल्याही फोनवरून त्याच मीटिंगमध्ये येतो. लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज त्याच्या फोनचा माईक उचलतो, तो पुन्हा स्पीकरमधून येतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. नियम सांगून ठेवा: एका खोलीत एकच माईक आणि एकच स्पीकर. स्क्रीनवरचं वचन दिसावं म्हणून दुसरा फोन जोडायचाच असेल तर तो ऑडिओ न जोडता जोडावा.

पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून चाचणी करा. एकाने दुसऱ्या घरी जाऊन ऐकावं आणि दुसऱ्याने हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीवर बसून बायबलची एकेक ओवी (क्रमांक असलेलं वाक्य) वाचावी. जी खुर्ची ऐकू येत नाही ती हलवा.

दोन माणसं हवीत

अभ्यास घेणारा आणि ऑनलाइन लोकांना सांभाळणारा हे एकच असतील तर दोन्ही कामं अर्धवट राहतात. दुसऱ्याला आम्ही "खिडकीजवळचा" म्हणतो. तो लॅपटॉपशेजारी बसतो. कोण आलं, कोण गेलं, कोणाचा ओठ हलतोय पण माईक बंद आहे, चॅटमध्ये कोणी काय लिहिलं, हे बघणं त्याचं काम. हॉलमध्ये कोणी हळू बोललं तर ते उत्तर तो मोठ्याने पुन्हा सांगतो. कोणाची लाइन तुटली की तो हात वर करतो, आणि अभ्यास घेणारा थांबतो. दोन मिनिटांत ती व्यक्ती परत आली नाही तर तो बाजूला जाऊन तिला साधा फोन लावतो आणि गट पुढे जातो.

हे काम तरुण संघातल्या मुलामुलींना द्या, पण आळीपाळीने, म्हणजे त्यांचाही अभ्यास बुडणार नाही.

सुरुवात कुठल्या पुस्तकापासून

माझं मत स्पष्ट आहे: फिलिप्पैकरांस पत्र. चार अध्याय, १०४ ओव्या, चार गुरुवार. पण मुख्य कारण वेगळं. हे पत्र पौलाने बंदिवासातून, ज्यांच्याजवळ जाता येत नाही अशा आपल्या लोकांना लिहिलं आहे. दूर असूनही सहभागी असणं म्हणजे काय, हे त्यात पानोपानी आहे. दुसऱ्या अध्यायातला एपफ्रदीत फिलिप्पैकरांची मदत घेऊन पौलाकडे येतो, मरणाच्या दारापर्यंत आजारी पडतो, आणि आपल्या आजारपणाची बातमी घरच्या मंडळीला कळली म्हणून कासावीस होतो. आमच्या दुबईच्या बहिणीने ही ओवी वाचली तेव्हा हॉलमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही. चौथ्या अध्यायात युवदिया आणि सुंतुखे या दोघींनी एकमनाचं व्हावं अशी पौलाची विनंती आहे. ती वाचताना घाई करू नका, गटागटांतले अबोले तिथे निघतात.

आधी प्रेषितांची कृत्ये अध्याय १६ एकदा वाचून या: फिलिप्पै शहराबाहेरची नदी, तिथे प्रार्थनेला जमलेल्या बायका, जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया. ही मंडळी सुरू झाली तीही कोणाच्या तरी घरातच.

भाषांतराचा घोळ पहिल्याच दिवशी होईल. हॉलमधल्यांच्या हातात बायबल सोसायटीचं छापील पवित्र शास्त्र असतं, ऑनलाइन असलेल्यांच्या फोनवर दुसरं भाषांतर उघडतं, आणि एकजण वाचतो ते दुसऱ्याला सापडत नाही. मोठ्याने वाचायला एक भाषांतर ठरवा आणि त्या दिवसाच्या ओव्यांचा फोटो सकाळीच ग्रुपवर टाका. दुसरी भाषांतरं मात्र बंद करू नका. अडलेली ओवी दोन भाषांतरांत वाचली की पुष्कळदा अर्थ उलगडतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून भाषांतर केलं ते साध्या, फार न शिकलेल्या वाचकांना समजावं म्हणून. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून झालं. कोणाच्या घरी ती प्रत असेल तर जरूर काढायला सांगा. गटात कॅथलिक कुटुंबं असतील तर त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत आणि प्रॉटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६, हे लक्षात ठेवा. नव्या करारातलं पुस्तक निवडलं तर ही अडचणच येत नाही.

एक संध्याकाळ, घड्याळ लावून

सव्वासातला खिडकीजवळचा लिंक उघडतो. ही पंधरा मिनिटं कामाची आहेत. हॉलमध्ये लोक चप्पल काढताना, पाणी पिताना गप्पा मारतात, आणि ऑनलाइन माणसाला नेमका तोच गोडवा मिळत नाही. म्हणून आल्याआल्या प्रत्येकाने लॅपटॉपसमोर जाऊन "जय ख्रिस्त" म्हणायचं, दोन वाक्यं बोलायची. आजी याच वेळी नातवंडांची चौकशी करतात.

साडेसातला छोटी प्रार्थना. मग वचन वाचन, दोन वेळा: एकदा हॉलमधल्याने, एकदा ऑनलाइन असलेल्याने. दुसऱ्यांदा दूरचा आवाज वाचतो तेव्हा सगळा गोल त्या खुर्चीकडे वळतो. हे फार छोटं वाटेल, पण आमच्या गटात सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

मग तीनच प्रश्न. इथे काय लिहिलं आहे? त्याचा अर्थ काय? या आठवड्यात मी काय करणार? प्रत्येक प्रश्न आधी ऑनलाइन असलेल्यांना विचारा, नाव घेऊन. "ऑनलाइन कोणाला काही बोलायचंय का?" या प्रश्नाला कधीच उत्तर येत नाही. "ताई, तिसऱ्या ओवीत तुम्हाला कुठला शब्द अडला?" असं विचारलं तर येतं. आणि विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आवाज पोचायला क्षणभर लागतो, माईक उघडायला आणखी दोन क्षण, आणि लाजऱ्या माणसाला त्याहून थोडे जास्त. हॉलमधले पटकन बोलणारे ही जागा भरून टाकतात. त्यांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

साधारण सव्वाआठला प्रार्थनेचे विषय. हॉलमध्ये तिघातिघांचे गट करा आणि ऑनलाइनवाल्यांचा एक गट त्यांच्यातच. एका ऑनलाइन माणसाला हॉलमधल्या तिघांत कोंबायचा प्रयत्न आम्ही केला होता, बाकीच्या गटांच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. त्या वेळेपुरता लॅपटॉप आतल्या खोलीत न्या.

गाणं आणि एकत्र प्रार्थना

गीतं हॉलमध्ये पेटी-तबल्यावर होणार आणि घरचे सोबत म्हणणार, हे इंटरनेटवर जमत नाही. आवाज पोचायला लागणारा तो निमिष ताल चुकवायला पुरेसा असतो. सगळ्या ऑनलाइन लोकांनी माईक बंद करून आपापल्या घरी मोठ्याने गावं. त्यांना हॉल ऐकू येतो, हॉलला ते ऐकू येत नाहीत, आणि त्याला इलाज नाही. म्हणून महिन्यातून एकदा गीत त्यांच्यापैकी एकाने म्हणावं आणि हॉलने ऐकावं. गीताचा क्रमांक आणि शब्द आधी पाठवा. पेटीचा आवाज मध्येच नाहीसा होतो, कारण सलग सूर हा गोंगाट आहे असं समजून ॲप तो दाबतं. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय आहे, गीतापुरती ती चालू करा आणि चर्चेआधी बंद करा.

प्रभूची प्रार्थना एकस्वराने म्हणतानाही हेच. बरेच आवाज एकदम आले की ॲप एक-दोनच पुढे जाऊ देतं आणि शब्दांचे तुकडे पडतात. एकाने पुढे म्हणावं, ऑनलाइन सगळ्यांनी माईक बंद ठेवून मागे म्हणावं. प्रभुभोजनाबद्दल प्रत्येक मंडळीची शिस्त वेगळी आहे. घरगटात, स्क्रीनवरून, स्वतःच्या मनाने ते करू नका, पाळकांना विचारा.

जे बोललं जातं ते घरातच राहावं

प्रार्थनेच्या विषयांत आजारपणं येतात, नोकऱ्या, नवरा-बायकोची भांडणं, मुलांची व्यसनं येतात. हॉलमध्ये कोण ऐकतंय ते दिसतं. ऑनलाइन माणसाच्या मागे खोलीत आणखी कोण आहे ते दिसत नाही. प्रार्थनेच्या वेळी इअरफोन लावायचा, आणि शेजारी कोणी असेल तर तसं सांगायचं. रेकॉर्डिंग करू नका. "आज आलो नाही, रेकॉर्डिंग पाठवा" अशी मागणी येईल, तेव्हा ओव्यांचा फोटो आणि तीन प्रश्न पाठवा, लोकांची दुःखं नकोत. लिंक मंडळीच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. झूमची वेटिंग रूम चालू ठेवली तर अनोळखी नाव आत घ्यायच्या आधी विचारता येतं. प्रार्थनेचे विषय ग्रुपवर लिहायचेच असतील तर ज्याचा विषय आहे त्याची परवानगी घेऊन, नाव न घालता.

पाचवा गुरुवार, आणि इतर भेटी

योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहितो की पुष्कळ लिहायचं आहे, पण कागद आणि शाईने नको, समोरासमोर भेटून बोलू. लॅपटॉप आपला कागद आणि शाई आहे. त्याचा मान आहे, पण तो भेटीची जागा घेत नाही. महिन्यात पाचवा गुरुवार आला की आम्ही अभ्यास ठेवत नाही. जो तो एका ऑनलाइन सभासदाकडे जातो. आजींकडे चौघे जातात, त्यांच्याच पलंगाशेजारी वाचन होतं आणि त्या चहासोबत शेव देतात. नगरच्या जोडप्याकडे वर्षातून दोनदा जाणं होतं. दुबईची बहीण सुट्टीवर आली की तो गुरुवार तिच्या घरी.

उलट बाजूही बघावी लागते. घर दोन गल्ल्या पलीकडे असताना कंटाळा म्हणून कोणी ऑनलाइन राहू लागलं तर गटात टोमणे मारू नका. एकट्याला भेटा. आमच्याकडे एका भावाच्या बाबतीत कारण कंटाळ्याचं नव्हतं, हॉलमधल्या एकाशी उधारीवरून बोलणं बंद झालं होतं. ती गोष्ट मिटायला तीन भेटी लागल्या आणि मग तो स्वतःच चप्पल काढून आत आला.

चार गुरुवार झाले की सगळ्यात दूर असलेल्या माणसाला एकट्याला फोन करा. बरं वाटलं का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "काल कोण काय बोललं, सांग बरं." त्याने हॉलमधल्या तिघांची नावं घेऊन त्यांचं बोलणं सांगितलं तर पुढचं पुस्तक निवडा. नाही सांगता आलं तर माईकची जागा बदला, गोल आणखी लहान करा, आणि पुढच्या गुरुवारी वाचायला पहिलं नाव त्याचं घ्या.